चालायची सुटी

आमच्या घरी पहिल्यांदा रशियन माणूस आला, तेव्हा मी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि मनात म्हटलं, दिसतो चांगला, पण डोक्याने गेलेला आहे. तो बोलत होता आणि सोबतचा दुभाषी ते हिंदीत करून सांगत होता. सांगणं असं, की त्यांच्या देशात कामगारांना उन्हाळ्यात रजा मिळते आणि त्या रजेत लोक चालायला जातात. कुठे पोचायचं असतं म्हणून नाही. बाजार नाही, लग्न नाही, कोणी वारलं म्हणूनही नाही. पाठीवर पिशवी बांधायची आणि आठवडाभर डोंगरातून नुसतं चालायचं.

माझा तर जन्मच चालण्यात गेला होता. पाण्याला चालले, सरपणाला चालले, तेंदूपत्ता तोडायला जंगलात चालले, आणि लग्नात वाटेत बैलबंडीचं चाक मोडलं म्हणून सासरीही पायीच आले. यात सुटी कसली आणि मौज कसली? मी आमच्या ह्यांना म्हटलं, "याले इचारा ना जी, याच्या देशात रेल्वे नाही का?"

दुभाष्याने ते जसंच्या तसं सांगून टाकलं. रशियन खो खो हसला आणि म्हणाला, रेल्वे आहे, पण रेल्वेतून फुलांना हात लावता येत नाही. मला ते उत्तर पटलं नाही. फुलांना हात लावायला माणूस आठवडाभर घर सोडतो, हे मला आजही पटत नाही.

भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा रशियाच्या मदतीने उभा राहत होता. जिकडे बघावं तिकडे लाल मुरूम, खड्डे, आणि आभाळात चढत जाणारं लोखंड. आमचे हे रिगर होते. जड सामान साखळ्यांनी बांधून क्रेनला द्यायचं आणि ते वर गेलं की वर चढून जागेवर बसवायचं, हे त्यांच्या टोळीचं काम. वर अरुंद लोखंडावरून चालावं लागे, आणि हे तिथे आपल्या अंगणात फिरल्यासारखे फिरत. टोळीवरच्या त्या रशियन इंजिनिअरचा जीव ह्यांच्यावर जडला तो यामुळेच. आपल्याकडचे साहेब आमचं आडनाव ऐकलं की पुढचं काही विचारत नसत, त्यांना जे समजायचं ते समजलेलं असे. हा मात्र घरी आला, खाटेवर बसला, आमच्याच कपात चहा प्यायला आणि आणखी मागितला. म्हणून मी त्याचं वेड माफ केलं.

पुढच्या खेपेला त्याने फोटो आणला. गवताच्या उतारावर बाया-माणसांची रांग, सगळ्यांच्या पाठीवर पिशव्या, मागे बर्फाचा डोंगर. बायांनी हाफपँटी घातल्या होत्या. शेजारच्या बाईने फोटो बघितला, तोंडाला पदर लावला, घरी गेली आणि नवऱ्याला घेऊन परत आली. बोटाने दाखवत त्याने वाट सांगितली. आधी उंच झाडांचं दाट जंगल, मग गुडघाभर फुलांची कुरणं, मग भर उन्हाळ्यात बर्फ असलेली खिंड, आणि पलीकडे उतरत उतरत गेलं की हवा ऊबदार होत जाते आणि समोर समुद्र. कोणी चुकू नये म्हणून दगडांवर रंगाच्या खुणा केलेल्या असतात. मुक्कामाला लाकडी झोपड्या. वाटेत लहान लहान गावं लागतात, तिथे दमलं तर कोणाच्याही दारात जायचं. लोक दही-भाकर देतात, पडवीत झोपू देतात.

हे तोवर फोटो बघत होते. आता त्यांनी मान वर केली. "कोणाच्याबी दारात?"

कोणाच्याही, दुभाषी म्हणाला.

"आन कोण, कुठले, कोणाचे, ते नाही इचारत?"

रशियनला प्रश्नच कळला नाही. दुभाष्याला कळला, त्याने आमच्याकडे बघणं सोडून दिलं आणि पुष्कळ वेळ घुटमळत काहीतरी समजावून सांगितलं. रशियनने विचार केला. मग म्हणाला, विचारतात ना. कुठून चालत आलात आणि अजून किती जायचंय, हे विचारतात.

"बस, दोनच?" हे म्हणाले.

त्या दिवसापासून ह्यांना त्या वाटेचं वेड लागलं. लोकांना वाटे, ह्यांना बर्फ बघायचाय, समुद्र बघायचाय. मला ठाऊक होतं ह्यांना काय बघायचंय ते. ह्यांना एकदा एका गावातून चालत जायचं होतं, इकडून शिरून तिकडून बाहेर.

आणि जायची वेळही आली. रशियात शिकायला पाठवायच्या माणसांत ह्यांचं नाव निघालं. आमच्या घरांच्या ओळीत त्या दिवशी दिवाळी झाली. नागपूरकडून, भंडाऱ्याकडून आलेली आमच्या समाजाची घरं होती सगळी, दीक्षा घेऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि आपला माणूस विमानात बसणार म्हणून म्हातारी माणसं दारात येऊन ह्यांच्या तोंडावरून हात फिरवून जात होती. मलाही फार आनंद झाला. सरकार ह्यांना मशीन शिकायला पाठवत होतं आणि हे चालायला निघाले होते, एवढाच काय तो फरक. रशियन म्हणाला, त्याचीही मुदत संपत आली आहे, उन्हाळ्यात तोही तिथे असेल, तुला मी स्वतः त्या वाटेवर नेतो.

त्याने आपले डोंगरात घालायचे बूट ह्यांना दिले. जाड चामड्याचे, घोट्याच्या वर जाणारे. सोबत लोकरीचे जाड मोजे. म्हणाला, निघायच्या आधी हे घालून भरपूर चाल, नवा पाय आणि जुना बूट यांचं जमायला वेळ लागतो. बूट ह्यांना मोठे होत होते. मोजे घातले असते तर बसले असते. पण मोजे ह्यांनी डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवले.

"बर्फ लागंल तवा घालीन," म्हणाले. "आत्ता घालून कावून खराब करू?"

आमच्यात असंच होतं. चांगली वस्तू चांगल्या दिवसासाठी. मलाही तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. बुटांच्या टोकात चिंध्या कोंबल्या आणि ह्यांचा सराव सुरू झाला.

कामाची पाळी सुटली की हे वजनासाठी पिशवीत तांदूळ भरून ती पाठीवर घेऊन निघत. कधी रिसालीच्या तळ्यापर्यंत, कधी जामुलकडच्या शेतांतून. सुपेल्याच्या बाजारातून जाताना दुकानदार ओरडत, "अरे भाई, बारात किधर जा रही है?" कोणी विचारलं कुठे चालले, तर हे सांगत, कुठे नाही. असं उत्तर देणाऱ्या माणसाची बायको म्हणून मला नळावर काय काय ऐकावं लागलं, ते मीच जाणे.

जायच्या आधी ह्यांना आईला भेटायचं होतं. ह्यांचं गाव नागपूरकडे जाणाऱ्या लाइनवर, डोंगरगडच्या पुढे. नेहमी आम्ही जवळच्या स्टेशनवर उतरत असू. ह्यांनी ठरवलं, या वेळी डोंगरगडलाच उतरायचं आणि तिथून पुढे डोंगरा-जंगलातून पायी, वाटेत मुक्काम करत. मी म्हटलं, मी पण येते. ह्यांनी बायकोला सोबत नेलं म्हणून गावाने हसावं, हे मला चाललं असतं. पण हे एकटे कुठे खड्ड्यात पडले असते तर मला कळलंही नसतं.

आणि सांगते, मला आवडलं. इतकी वर्षं चालले, पण डोक्यावर काही नसताना पहिल्यांदाच चालले. घागर नाही, मोळी नाही, टोपलं नाही. सामान सगळं ह्यांच्या पाठीवर. मान इकडे तिकडे फिरवता येते, हेच मला नवीन होतं. पळस फुलला होता. मोहाच्या झाडांखाली बाया फुलं वेचत होत्या, त्या आमच्याकडे बघत राहिल्या. एका टेकडीवर चढलो तर खाली रेल्वेचे रूळ लखलखत होते आणि पलीकडे निळे डोंगर एकामागे एक. हे गेरूचा खडा घेऊन आले होते. वळण आलं की दगडावर गेरूची रेघ ओढत.

"कोणासाठी जी?" मी विचारलं.

"येईन ना कोणी मागून," म्हणाले.

मुक्कामाला माझ्या मामेभावाकडे थांबलो. तो रेल्वेत गँगमन होता, रुळाच्या कडेला त्याची खोली. त्याने ह्यांचे बूट उचलून हातावर तोलले, हसला, आणि जेवायला वाढलं. सकाळी निघालो तेव्हा ह्यांची चाल बदललेली मला दिसली. दुपारपर्यंत तर उजवा पाय सरळ टेकत नव्हता.

"चावून राहिला का जोडा?"

"नाही."

"मंग असं कावून चालून राहिले?"

"तू समोर पाह्य."

गावाआधी एक नाला आहे. तिथे बसवलं आणि बूट काढायला लावला. टाच सोलून निघाली होती. चिंधी रक्ताने चिकटली होती, ती पाण्याने भिजवून सोडवावी लागली. मी पदराची किनार फाडून बांधली आणि पिशवीतल्या चपला पुढे ठेवल्या. बूट पिशवीत मावत नव्हते. म्हटलं, चपला घाला, बूट हातात घ्या, आता राहिलंच किती.

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काय बोलले ते मला लगेच कळलं.

आमचा मोहल्ला गावाच्या पार टोकाला. नाल्यावरून तिकडे जायला दोनच वाटा. एक शेताच्या बांधावरून लांब वळसा घालून, आमच्या माणसांनी जावं म्हणून ठेवलेली. दुसरी गावातून, मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, आणि मोठ्या घरांसमोरून. त्या गल्लीतून आमची माणसं जात ती पायातलं काढून, हातात घेऊन. माझा सासरा जन्मभर चपला काखेत मारून तिथून गेला. दीक्षा घेतल्यावर मोहल्ल्याने ठरवलं, आता पायातलं पायातच राहील. त्यावरून भांडणं झाली, मजुरी बंद झाली, पण कोणी चपला काढल्या नाहीत. आणि आता भिलाईहून आलेला, रशियाला निघालेला त्यांचा माणूस हातात बूट धरून त्या गल्लीतून जाणार होता.

"पायात चपला हायेत ना," मी म्हटलं. "अनवानी थोडीच जाऊन राहिले तुमी."

"लोक पाय नाही पाह्यत. लोक हात पाह्यतेत."

"मंग बांधावरून चला."

"बांधावरून तर नाहीच नाही."

ह्यांनी बूट पुन्हा घातला. टाच आत जाताना डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून आवाज नाही. नाडी करकचून बांधली, उठले, आणि गावात शिरल्यावर ह्यांचं लंगडणं थांबलं. कसं थांबवलं ते मला माहीत नाही. दमलेला माणूस जसा सावकाश चालतो, तसे ते चालत होते, बस. ओट्यांवर माणसं बसली होती. त्यांची नजर आधी बुटांवर गेली, मग ह्यांच्या तोंडावर. एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोणाचा रे तू?"

हे थांबले. म्हणाले, "भिलाईहून आलो. रशियाले जाऊन राहिलो."

म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं, "कोणाचा?" हे पुढे निघाले. मी पाठोपाठ. मला भीतीही वाटत होती आणि अभिमानही. त्या गल्लीतून मी आधी कधी मान वर करून गेले नव्हते.

घरी गेल्यावर बूट निघेना. निघाला तेव्हा सासू मागे सरली. तिने हळद भरली, पाला बांधला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी त्याच पायात पुन्हा बूट चढवला, कारण गावातली पोरंटोरं बघायला आली होती, कारण गल्लीत सांगितलेलं खरं करून दाखवायचं होतं. मी भांडले. सासू रडली. हे म्हणाले, सगळं गाव पाहून राहिलं. दोनदा गल्लीतून गेले, दोनदा आले. तिसऱ्या दिवशी ताप भरला आणि मग कोणाला काही दाखवायची गरज उरली नाही. बैलबंडीत निजवून स्टेशनवर आणलं आणि रेल्वेने भिलाईला.

डॉक्टर चांगला होता. त्याने सांगितलं, रक्तात साखर आहे, ती कधीची असेल कोण जाणे, तुम्हाला कोणी सांगितलं नाही एवढंच, आणि अशा माणसाची साधी जखमही जपावी लागते. आधी बोटं काळी पडली. मग पाऊल. मग घोट्याच्या वरून पाय कापला.

रशियन दवाखान्यात आला. चादरीखाली जिथे पाय नव्हता तिथे तो पुष्कळ वेळ बघत राहिला. मग त्याने दुभाष्याला विचारलं, बूट चावत होते तर याने काढले का नाहीत? दुभाष्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. शेवटी दुभाषी काहीतरी थोडकं बोलला आणि रशियनने मान हलवली, पण त्याला कळलं नव्हतं. मला त्या वेळी त्याचा भयंकर राग आला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण जिथे हे कोणाला समजून घ्यावंच लागत नाही अशा देशातून तो आला होता, आणि आमच्यासमोर उभा होता दोन पायांवर. मुदत संपल्यावर तो गेला.

ह्यांच्या जागी आमच्याच ओळीतल्या एका वेल्डरचं नाव लागलं. समाजाचाच, ह्यांच्याहून लहान, ह्यांना भाऊ म्हणायचा. निरोप घ्यायला आला तेव्हा लाजत होता, जणू पाय त्यानेच चोरलाय. ह्यांनी त्याला खाटेवर बसवलं, ट्रंकेतून मोजे काढून दिले आणि सगळी वाट सांगितली. जंगल, कुरणं, खिंड, रंगाच्या खुणा.

"सुटी भेटली का तू जाजो," हे म्हणाले. "आन गावातून जाजो. कोणाच्याबी दारात उभा राह्य आन पानी माग. मंग येऊन मले सांग, का झालं ते."

तो हो म्हणाला. ह्यांना स्टोअरमध्ये बसून हत्यारं द्यायचं-घ्यायचं काम मिळालं. कुबडी घेऊन जात, कुबडी घेऊन येत. वर लोखंड चढताना दिसलं की मान खाली घालत. संध्याकाळी ओळीतली पोरं जमली की मात्र हे बोलायला लागत. आता आपला वेल्डर कुठे असेल, आता तिथे उन्हाळा लागला असेल, आता तो जंगलातून वर चढत असेल. मुलांना ती वाट तोंडपाठ झाली. मोठी माणसंही ऐकायला थांबत. स्वतःचं जाणं गेलं होतं, पण आपल्यातला एक जण तिथून जाऊन आला म्हणजे झालं, एवढ्यावर ह्यांचा जीव टिकून होता. मी बघत होते ना. जेवण त्यावर, झोप त्यावर.

वेल्डर परत आला तो दुपारी आधी आमच्याकडेच आला. माझ्यासाठी फुलांचा रुमाल आणला होता. मी पाणी देण्याआधीच हे म्हणाले, "गेला होता का तू?"

तो खाली बघायला लागला. "नाही भाऊ. आमाले कुठी सोडतच नव्हते. होस्टेल ते मिल, मिल ते होस्टेल. सुटीच्या दिवशी बसमध्ये बसवून बाग दाखवत, शिनेमा दाखवत. मी इचारलं होतं. दोनदा इचारलं."

"मंग?"

"त्यायनं सांगतलं, तो रस्ता बाहेरच्या मानसायसाठी नाही."

मी चुलीपाशी होते. मला वाटलं, आता हे ओरडतील, कुबडी फेकतील. फेकली असती तर मला बरं वाटलं असतं. ह्यांनी फक्त विचारलं, "आन तो साहेब? आपला?"

"तो कुठी असंल, कोणाले मालूम नव्हतं."

चहा झाला, मी दिला, दोघांनी प्यायला. मग ह्यांनी वेल्डरच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आइक. सांजच्या पारी सगळे येतीन. इचारतीन तुले. गेलो होतो म्हन. दही बी देल्लं म्हन. कोणी काही नाही इचारलं म्हन."

"भाऊ, मले खोटं बोलता येत नाही."

"मी सांगतलं तसंच सांग. तुले पाठ हाय ना?"

संध्याकाळी आमच्या दारात सगळी ओळ जमली. म्हाताऱ्या आल्या, मुलं मांडी घालून बसली. वेल्डर उभा राहून सांगू लागला. जंगल सांगितलं, गुडघाभर फुलं सांगितली, बर्फ सांगितला. गावात कोणाच्याही दारात गेलो, बसवलं, दही दिलं, म्हणाला. एका म्हातारीने डोळे पुसले. आमचे हे सगळ्यांत पुढे बसले होते, कुबडी मांडीवर आडवी, मान वर, आणि तो कुठे अडखळला की म्हणत होते, "आन मंग? मंग पुढं का झालं, सांग ना."

मी आत निघून गेले. मला ते ऐकवेना.